चढत्या शेअर बाजारात बचत केव्हा गुंतवावी?

शेअर बाजार नवनवे उच्चांक गाठत असताना हाती आलेली मोठी रक्कम कशी गुंतवावी, हा प्रश्न निवृत्तीच्या वेळी उपदान आणि भविष्य निर्वाह निधी मिळालेल्या किंवा घर-जमीन विकलेल्या कुटुंबांपुढे हमखास उभा राहतो. आज पैसे गुंतवले आणि उद्या बाजार कोसळला तर आयुष्याची पुंजी निम्मी होण्याची धास्ती असते. थांबावे, तर भाव आणखी वर निघून जाण्याची. या प्रश्नाचे उत्तर बाजाराच्या पातळीपेक्षा त्या पैशाची गरज केव्हा पडणार आहे, यावर अधिक अवलंबून आहे.

उच्चांकाचा अर्थ

मुंबई शेअर बाजाराच्या ३० कंपन्यांच्या ‘सेन्सेक्स’ या निर्देशांकासाठी १९७८-७९ हे वर्ष १०० अंकांचा पाया मानले जाते. २५ जुलै १९९० रोजी सेन्सेक्सने प्रथमच १,००० अंकांची पातळी ओलांडली. २१ जानेवारी २०२१ रोजी ५० हजार आणि जुलै २०२४ मध्ये ८० हजारांचा टप्पा त्याने पार केला. यांतील प्रत्येक पातळी त्या त्या दिवशी ‘फार वरची’ वाटलेली होती. दीर्घकाळ वाढणाऱ्या बाजारात उच्चांक वारंवार येतात. त्यामुळे केवळ उच्चांक हा गुंतवणूक टाळण्याचा संकेत ठरत नाही.

मात्र घसरलेला बाजार लवकरच सावरतो, हेही गृहीत धरता येत नाही. जपानचा ‘निक्केई’ निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ अंकांवर बंद झाला. ती पातळी पुन्हा ओलांडण्यासाठी २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. भारतात सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ अंकांवर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर, म्हणजे सुमारे ६१ टक्के खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने जुन्या पातळीला स्पर्श केला, परंतु तेथे तो टिकला नाही. नव्या उच्चांकासाठी २०१३ ची अखेर यावी लागली.

एकरकमी की हप्त्यांनी?

संपूर्ण रक्कम एकाच दिवशी गुंतवणे आणि ती समान हप्त्यांत विभागणे, असे दोन मार्ग बचतदारापुढे असतात. त्यांतील फरक दोन वर्षांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होतो. लाभांश, कर आणि खर्च वगळून केवळ निर्देशांकाच्या आधारे हा हिशेब मांडला आहे.

जानेवारी २००८ मधील शिखरावर १२ लाख रुपये एकरकमी गुंतवले असते, तर २००९ च्या अखेरीस त्यांचे सुमारे १० लाख झाले असते. तीच रक्कम २००८ च्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक लाख याप्रमाणे गुंतवली असती, तर सरासरी खरेदी सुमारे १३,३०० अंकांना पडली असती आणि २००९ च्या अखेरीस मूल्य सुमारे पावणेसोळा लाख झाले असते.

आता उलट उदाहरण. २०२० च्या अखेरीस सेन्सेक्स ४७,७५१ या तेव्हाच्या उच्चांकावर बंद झाला. त्या दिवशी एकरकमी गुंतवलेल्या १२ लाखांचे वर्षभरात सुमारे १४ लाख ६४ हजार झाले असते. २०२१ मध्ये मासिक हप्त्यांनी गुंतवलेल्या तेवढ्याच रकमेचे मूल्य मात्र सुमारे १३ लाख १५ हजार राहिले असते. उरलेल्या हप्त्यांवर बँकेत व्याज मिळाले असते, तरी हा फरक पूर्ण भरून निघाला नसता.

व्हॅन्गार्ड या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील बाजारांच्या अभ्यासात या दोन पद्धतींची तुलना केली. सुमारे दोन-तृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूक सरस ठरल्याचे त्यात दिसले. बाजार बहुतेक काळ वाढत असतो, हे त्याचे कारण होय. हप्त्यांची पद्धत म्हणजे अधिक नफ्याची हमी नव्हे. ती एक प्रकारचा विमा आहे आणि बाजार चढत राहिल्यास त्याचा हप्ता कमी परताव्याच्या रूपाने भरावा लागतो. पहिल्याच वर्षी मोठी घसरण झाल्यास घाबरून सारे विकून टाकण्याची शक्यता ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा विमा महाग नाही. घसरणीत विकल्याने होणारा तोटा कायमचा असतो.

आधी गरजेची मुदत

सहा महिने ते वर्षभराच्या घरखर्चाइतकी रक्कम, तसेच येत्या पाच वर्षांत शिक्षण, विवाह, घर किंवा उपचारांसाठी लागणारे पैसे समभागांबाहेर ठेवावेत, हा प्रचलित सावध संकेत आहे. २००८ ते २०१३ हा काळ पाहता त्यामागील कारण उघड होते. बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार, प्रति बँक पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; समभागांना तसे कोणतेही संरक्षण नाही. अधिक व्याजाचे कर्ज असल्यास ते आधी फेडणे हाच खात्रीचा परतावा ठरतो.

उरलेल्या रकमेतील किती वाटा समभागांत असावा, हा पुढचा प्रश्न. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या ग्रंथात हा वाटा २५ टक्क्यांहून कमी आणि ७५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे सुचवले होते. बाजार महाग वाटला तरी पूर्णपणे बाहेर न पडणे आणि तेजीतही सर्वस्व पणाला न लावणे, हे त्यामागचे सूत्र.

बाजार महाग आहे का, हे पाहण्यासाठी किंमत-उत्पन्न गुणोत्तराचा आधार घेतला जातो. कंपन्यांच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी गुंतवणूकदार किती रुपये मोजतात, हे त्यातून कळते. राष्ट्रीय शेअर बाजार ‘निफ्टी’चे हे गुणोत्तर प्रसिद्ध करतो. मात्र ३१ मार्च २०२१ पासून त्यात उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरला जाऊ लागला, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. शिवाय महाग बाजार दीर्घकाळ महाग राहू शकतो. हे गुणोत्तर घसरणीची तारीख सांगत नाही.

हप्ते ठरवताना

हप्त्यांचा मार्ग निवडल्यास रक्कम लिक्विड फंडात ठेवून त्याच फंड संस्थेच्या समभाग योजनेत दरमहा वळवता येते. ‘एसटीपी’ नावाच्या या सुविधेत लिक्विड फंडातून होणारे प्रत्येक हस्तांतरण विक्री मानले जाते आणि त्यावरील नफा करपात्र असतो. समभाग योजनेतील प्रत्येक हप्त्याची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार बारा महिन्यांच्या आत विक्री केल्यास नफ्यावर २० टक्के, तर त्यानंतर वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर साडेबारा टक्के कर आकारला जातो.

हप्त्यांची संख्या आणि तारखा आरंभीच लिहून ठेवणे महत्त्वाचे असते. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला आणि तीनच दिवसांत, ७ जून रोजी, नव्या उच्चांकावर बंद झाला. अशा दिवशी हप्ता थांबवावा की दुप्पट करावा, याचा निर्णय त्या क्षणी शांतपणे घेणे बहुतेकांना जमत नाही. आधीच ठरवलेली तारीख तो निर्णय सोपा करते.