पट्टी आणि कप्पे

* ‘पट्टी’ : विंडोजचे ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की खालच्या अर्ध्या भागात दिसते ती आडवी पट्टी. एक पट्टी म्हणजे एक अख्खी हार्ड डिस्क. तिच्यातले कप्पे म्हणजे पार्टिशन. कप्प्याच्या माथ्यावर गडद निळी रेघ असेल तर तो प्रायमरी, काळी असेल तर ती जागा अजून कोणालाच दिलेली नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर ४६५ च दिसतात, कारण बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

ज्या लेखाला ही टीप जोडली आहे त्याचे लेखक दुर्ग जिल्ह्याचे, म्हणून कप्पे बदलण्याचा तिथलाच दाखला देतो. १९०६ साली झालेल्या या जिल्ह्यातून १९७३ मध्ये राजनांदगाव निघाला, २०१२ मध्ये बालोद आणि बेमेतरा. हद्दी बदलल्या, शेते, घरे जागच्या जागी राहिली. डिस्कवर तशी खात्री नाही. पार्टिशन पुसले की विंडोजला आतल्या फायली सापडत नाहीत, आणि त्या जागेवर नवे काही लिहिले गेले तर जुने कायमचे जाते. नुसते पाहण्याने काहीच बिघडत नाही. लेखकाच्या पडद्यावर कप्प्यात ‘रॉ’ असे उमटले होते, म्हणजे फायलींची मांडणी विंडोजला वाचता येत नव्हती. त्यांचे तिथे ठेवलेले फोटो तेव्हाही आतच असण्याची शक्यता होती. विंडोजची ‘फॉरमॅट करा’ ही सूचना त्यांनी नाकारली, ते फार बरे केले. – संपादक