परक्या रोग्याची हद्दपारी

श्रोतेहो, आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहें तिचा नायक सज्जन नव्हे. १९९३ सालच्या जानेवारींत वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स या चिमुकल्या बेटावरचा एक मनुष्य लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर उतरला. त्याच्यापाशीं कोकेन सांपडलें व त्याला सहा वर्षांची सजा झाली. ती भोगीत असतां, १९९४ च्या ऑगस्टांत, त्यास न्यूमोनिया झाला आणि एड्सनें त्याला ग्रासलें असल्याचें निष्पन्न झालें. न्यायालयाच्या दप्तरीं त्याचें नांव 'डी' एवढ्या एकाच अक्षरानें नोंदलें आहे. आपणही तेवढ्यावरच भागवूं.

१९९६ च्या आरंभीं त्याची सुटका झाली आणि सरकारनें त्याला बेटावर परत धाडण्याचा हुकूम काढला. राज्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहींच नव्हतें. आपल्या हद्दींत कोणास येऊं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्य स्वतःपाशीं राखून ठेवतें, आणि हा गृहस्थ तर अपराध करूनच आलेला! पण तोंवर 'डी' मरणपंथास लागला होता. एका धर्मादाय संस्थेच्या आश्रयानें त्याची शुश्रूषा चालली होती. सेंट किट्समध्यें त्याला ना घर होतें, ना उशापायथ्याशीं बसणारें जवळचें माणूस, ना त्याला लागणाऱ्या उपचारांची सोय.

त्यानें फिर्याद नेली ती स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाकडे. ज्या करारनाम्यावर हें न्यायालय उभें आहे तो १९५० च्या नोव्हेंबरांत रोम येथें सह्या होऊन १९५३ त अमलांत आला. त्याचें तिसरें कलम अवघ्या एका वाक्याचें आहे. कोणाचाही छळ करूं नये, कोणासही अमानुष अथवा मानहानिकारक वागणूक वा शिक्षा देऊं नये, एवढाच त्याचा आशय. त्याला अपवाद नाहीं. युद्धाचाही नाहीं, अपराध्याचाही नाहीं. हें वाक्य लिहिणारांच्या डोळ्यांपुढें नुकत्याच संपलेल्या महायुद्धांतल्या छळछावण्या होत्या, रुग्णालयांतली खाट नव्हती. १९८९ मध्यें न्यायालयानें या कलमाचा अर्थ एक पाऊल पुढें नेला. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत फांशीच्या प्रतीक्षेंत वर्षानुवर्षें कोठडींत झुरावें लागेल अशा आरोपीस ब्रिटननें तिकडे सोंपवूं नये, असा तो निकाल होता. म्हणजे स्वतः छळ न करणें पुरेसें नाहीं. माणसाला छळाच्या दारांत नेऊन सोडणेंही वर्ज्य.

आतां 'डी'च्या बाबतींत ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद पाहा. तो लेचापेचा नव्हता. सरकार म्हणालें, या माणसाला सेंट किट्समध्यें कोणी छळणार नाहीं. त्याचें दुःख रोगाचें आहे आणि त्या बेटाच्या गरिबीचें आहे. त्याचा दोष आमच्यावर कसा? न्यायालयानें हें मान्य केलें नाहीं. २ मे १९९७ रोजीं एकमतानें निकाल झाला: या अवस्थेंत त्याला विमानांत बसविणें हीच अमानुष वागणूक होईल, कारण त्यानें मरण लवकर येईल व तें अधिक यातनांचें होईल. मात्र न्यायाधीशांनीं त्याच लेखणीनें कुंपणही घातलें. ही परिस्थिति 'अत्यंत अपवादात्मक' आहे, एरव्हीं केवळ उपचार चालूं राहावेत म्हणून परक्यास राहण्याचा हक्क नाहीं, असें त्यांनीं बजावलें.

हें कुंपण किती उंच होतें तें 'एन्' नांवाच्या युगांडाच्या स्त्रीस कळलें. १९९८ च्या मार्चांत ती इंग्लंडांत पोंचली तेव्हां तिची प्रकृति अतिशय खालावलेली होती. तिलाही तोच रोग होता. पण औषधांनीं ती सांवरली आणि पुढें दशकानुदशकें जगेल अशी स्थिति आली. औषध तुटलें तर मात्र वर्ष-दोन वर्षांत अंत. युगांडांत तें औषध मिळे, पण गरजवंतांपैकीं सुमारें निम्म्यांनाच. २००५ सालीं लंडनच्या लॉर्डांच्या न्यायपीठापुढें हा मामला आला, तेव्हां लॉर्ड निकोल्स यांनीं स्पष्टच म्हटलें कीं, तिकडे औषध न मिळाल्यास तिची गत जीवनरक्षक यंत्र बंद केलेल्या रोग्यासारखी होईल. तरीही निकाल तिच्या विरुद्धच गेला. २७ मे २००८ रोजीं स्ट्रासबुर्गच्या महापीठानेंही चौदा विरुद्ध तीन मतांनीं तोच कायम केला. देशादेशांतली आरोग्याची विषमता भरून काढण्याचें ओझें या कलमानें कोणत्याही राज्यावर टाकलेलें नाहीं, असा बहुमताचा आशय. तिघां भिन्नमतवाद्यांनीं विचारलें, निरपवाद हक्काच्या तराजूंत पैशाचें वजन आलें कोठून?

मला स्वतःला या निकालांतील विपरीतपणा आजही खटकतो. 'डी' मरावयास टेकला होता म्हणून तरला. 'एन्' औषधांनीं उठून बसली, आणि तें उठून बसणेंच तिच्या आड आलें! परत गेल्यावर कांहीं महिन्यांतच ती वारली, असें स्ट्रासबुर्गच्याच एका न्यायाधीशानें २०१५ सालच्या आपल्या भिन्नमतपत्रांत लिहून ठेवलें आहे.

हा पेंच सुटला तो बेल्जमच्या एका खटल्यांत. फिर्यादी जॉर्जियाचा नागरिक होता. चोरीबद्दल शिक्षा झालेला, रक्ताचा कर्करोग, यकृताचा दाह आणि क्षय असे तीन तीन रोग अंगांत. २०१४ सालीं न्यायालयाच्या लहान पीठानें त्याची मागणी फेटाळली. महापीठापुढें प्रकरण असतांना, ७ जून २०१६ रोजीं, तो निवर्तला. फिर्यादीच उरला नाहीं तर फाईल बांधून टाकण्याची मुभा न्यायालयास होती. पण प्रश्न एकट्याचा नाहीं असें म्हणून महापीठानें तो सोडविला आणि १३ डिसेंबर २०१६ रोजीं एकमतानें नवी कसोटी घातली. रोगी मरणाच्या दारांतच असला पाहिजे असें नाहीं. उपचार नसल्यामुळें वा ते हातीं न लागल्यामुळें प्रकृति गंभीर, वेगानें व कायमची ढासळून तीव्र यातना होण्याचा किंवा आयुष्य बरेंच घटण्याचा खरा धोका असला, तरीही पाठवणी वर्ज्य. औषध त्या देशांत कोठेंतरी आहे एवढ्यानें भागणार नाहीं. तें या माणसास परवडेल काय, दवाखाना किती दूर, पाहणारें कोणी आहे काय, हें राज्यानें तपासावें. शंका उरलीच तर त्या देशाकडून हमी घ्यावी.

अर्थात् दार सताड उघडलें नाहीं. डेन्मार्कमध्यें लहानपणापासून वाढलेल्या एका मनोरुग्ण तुर्की नागरिकाचें प्रकरण २०२१ सालीं आलें, तेव्हां तो या कसोटीस उतरत नाहीं असेंच महापीठानें ठरविलें. त्याला दाद मिळाली ती खाजगी जीवनाच्या आठव्या कलमाखालीं. त्याच्या आदल्या वर्षीं, २९ एप्रिल २०२० रोजीं, लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानें 'एन्'च्या बाबतींत लॉर्डांनीं दिलेला निर्णय बाजूला ठेवून ही नवी कसोटी स्वीकारली होती. तेथला अर्जदार झिंबाब्वेचा होता, रोगही तोच. त्याचा मामला मात्र तेवढ्यानें संपला नाहीं. पुरावा नव्यानें तपासण्यासाठीं तो खालच्या न्यायाधिकरणाकडे परत गेला.