'का नाही?' म्हणणारा विमेवाला

विचित्र विमा म्हटलं की ठरलेले किस्से निघतात. १९७१ साली एका व्हिस्की कंपनीनं स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातला राक्षस पकडून देणाऱ्याला दहा लाख पौंडांचं बक्षीस लावलं. मग खरोखरच कुणी पकडून आणला तर? म्हणून लंडनच्या लॉईड्समध्ये त्याचा विमाही उतरवला! मला मात्र यापेक्षा वेगळीच गंमत वाटते. आज कुठल्याही दुकानदाराकडे ज्या साध्या पॉलिस्या असतात, त्यासुद्धा एके काळी अशाच विचित्र समजल्या जायच्या.

त्यांना शहाण्यांत आणून बसवणारा माणूस म्हणजे कथबर्ट हीथ (१८५९-१९३९). कानानं अधू, म्हणून नौदलात जाता आलं नाही, शिरला लॉईड्समध्ये. लॉईड्सचा जन्म १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉईडच्या कॉफी हाऊसमधला. तिथे दोनशे वर्षं मुख्य धंदा एकच: जहाजं आणि त्यांतला माल. हीथ आगीचे विमे देऊ लागला तेव्हा जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या.

मग १८८० च्या दशकात एका दलालानं घराच्या आगीचा विमा उतरवताना सहज विचारलं, चोरीचाही देणार का? हीथ म्हणे एवढंच म्हणाला, "का नाही?" घरफोडीचा विमा आला तो असा. पुढचा प्रश्न: दुकान जळलं तर त्याचे पैसे मिळतील, पण ते पुन्हा उभं राहीपर्यंत बुडणाऱ्या नफ्याचं काय? हीथनं त्याचाही विमा दिला.

खरी परीक्षा झाली १८ एप्रिल १९०६ ला. सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मग शहर तीन-चार दिवस जळत राहिलं. आता घर आधी पडलं की आधी जळलं? आगीच्या पॉलिसीत हा प्रश्न लाखमोलाचा! कित्येक कंपन्यांनी यावरून घासाघीस केली, काही बुडाल्या. हीथनं आपल्या एजंटला तार केली: अटी काहीही असोत, आपल्या सगळ्या पॉलिसीवाल्यांचे पैसे पूर्ण द्या. अमेरिकेत लॉईड्सची पत वाढली ती या तारेमुळे.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट छान आहे, पण आपला काय संबंध? संबंध असा, की हीथच्या कल्पना आपल्याकडे पोचल्या, ती तार काही पॉलिसीबरोबर येत नाही. येतात त्या अटी. आपल्याकडच्या घरफोडीच्या पॉलिसीत साधारणपणे बळजबरीनं आत शिरणं हा व्याख्येचाच भाग असतो. २००४ साली सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात निकाल दिला: माल चोरीला गेला हे खरं, पण जबरदस्ती झालेली नाही, तेव्हा भरपाई नाही. नफ्याच्या विम्याचंही तसंच. आपल्याकडे त्याला 'फायर लॉस ऑफ प्रॉफिट' म्हणतात, आणि तो सहसा मालमत्तेचं नुकसान झालं तरच लागू होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं महिनोन् महिने बंद राहिली, पण भिंतीला तडाही गेला नव्हता. मग विमा कसला?

आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी हे ओळखायला हवं. पॉलिसी म्हणजे शेवटी एक स्पेसिफिकेशन. क्लायंटच्या करारात 'प्रोफेशनल इंडेम्निटी' हवी असं लिहिलेलं असतं, म्हणून कंपनी ती घेते, सर्टिफिकेट पाठवते आणि फाईल कपाटात जाते. आपल्या कोडमुळे क्लायंटचं नुकसान झालं तर यातून पैसे मिळणार. पण जाणूनबुजून केलेली गडबड सहसा वगळलेली असते, आणि बऱ्याचदा दावा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो. काम चालू असताना पॉलिसी होती, एवढं पुरत नाही.

हीथ विचारायचा 'का नाही?' आपण विचारायचं 'कधी नाही?' त्याचं उत्तर 'एक्स्क्लूजन्स' नावाच्या भागात असतं. सोमवारी ऑफिसला गेलात की जरा चौकशी करा, आपल्या कंपनीत तो भाग कुणी शेवटपर्यंत वाचलाय का.