थ्रेड : आठ आण्यांचा कुत्रा (मुंबई, १८३२)

१/ चावऱ्या कुत्र्यांचे काय करायचे, हा वाद सध्या न्यायालयापासून सोसायटीच्या सभेपर्यंत सर्वत्र पेटला आहे. मुंबईस तो नवा नाही. जून १८३२ मध्ये याच प्रश्नावरून शहर बंद पडले आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. त्याची ही हकीकत.

२/ आधी भीतीचे कारण पाहू. पिसाळलेला कुत्रा चावून जलसंत्रासाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ. लुई पाश्चर यांची लस पहिल्यांदा माणसाला टोचली गेली ती १८८५ साली. त्याआधीच्या सरकारला दिसणारा सोपा उपाय एकच होता : कुत्री मारणे.

३/ उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, असा तेव्हाचा समज. (वस्तुतः रेबीज वर्षभर आढळतो.) त्या समजानुसार कंपनी सरकारने १८१३ मध्ये नियम केला : वर्षातील ठरावीक दिवसांत, मुख्यतः कडक उन्हाच्या काळात, मोकाट कुत्री मारावीत.

४/ १८३२ मध्ये पोलीस मॅजिस्ट्रेटने ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनामही होते. माझ्या मते पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ या आठ आण्यांत आहे.

५/ कारण इनाम मेलेल्या कुत्र्याचे होते. तो चावरा होता की नव्हता, याची चौकशी त्यात नव्हती. पिसाळलेले जनावर धरणे जिवावरचे काम. दारात निजलेला, हाकेला येणारा कुत्रा धरणे सोपे. मोबदला दोन्हींस सारखाच. साहजिकच शिपाई लोकांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही नेऊ लागले.

६/ पारशी समाजास हे सर्वाधिक झोंबले. जरथुश्ती धर्मात कुत्र्यास मोठा मान आहे. ‘सगदीद’ या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. म्हणून शिपायांचा दंडुका त्यांच्या लेखी धर्मावरच पडत होता.

७/ ६ जून रोजी फोर्ट भागात पारशांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू आणि जैनही सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी दंगलीचा कायदा वाचून दाखवून सैन्याने जमाव पांगवला आणि अनेकांना अटक झाली.

८/ मग पारशांना चावऱ्या कुत्र्याची पर्वाच नव्हती काय? तसे नव्हे. त्यांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात अशा कुत्र्यासाठी नियम आहेत. त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घालावा, तोंडाला मुसके बांधावे. माणसास वा मेंढरास इजा केल्यास त्याचा कान कापावा, गुन्हा पुन्हा घडल्यास शिक्षा वाढवावी. आणि पिसाळलेल्या कुत्र्यावर माणसासारखाच औषधोपचार करून पाहावा.

९/ त्या शिक्षा आज आपणास क्रूर वाटतील. परंतु त्या नियमांत गुन्हा एका विशिष्ट कुत्र्याचा मानला आहे, आणि त्यास आवरण्याची जबाबदारी माणसावर टाकली आहे. आठ आण्यांच्या नियमात यांपैकी काहीच नव्हते.

१०/ पुढे जमशेटजी जीजीभाई आदी पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, अशी तडजोड निघाली. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ स्थापन झाले. भुलेश्वरला ते आजही आहे. कुत्र्यांना आश्रय हवा म्हणणाऱ्यांनी त्यासाठी जागा आणि पैसाही उभा केला, हे विसरता कामा नये.

११/ २०२३ चे केंद्रीय नियम सांगतात : निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडावा, रेबीजचा संशय असलेला वेगळा ठेवावा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री या सुटकेतून वगळली.

१२/ म्हणजे निवड करावी, हे तत्त्व आता कागदावर आले आहे. मात्र ती निवड गल्लीत उभे राहून कोण करणार आणि वेगळ्या ठेवलेल्या कुत्र्याचा खर्च कोण सोसणार, हे ठरल्याशिवाय त्या कागदाचा ना चावा बसलेल्या मुलाला उपयोग, ना दारात निजलेल्या कुत्र्याला. १८३२ चे शहर नेमके याच दोन प्रश्नांवर अडले होते.

(समाप्त)