जलासुराचा झरा

बिदरजवळच्या टेकडीत नरसिंह झरणी हे गुहामंदिर आहे. राजेश्वर, हुमनाबाद, बसवकल्याण या भागांतील मराठी व कानडी भाविकांचे ते श्रद्धास्थान होय. सुमारे ३०० मीटरांच्या भुयारातून छातीभर पाण्यात चालत गेल्यावर देवाचे दर्शन घडते.

हे पाणी म्हणजेच जलासुर, अशी तेथील कथा आहे. हिरण्यकशिपूनंतर नरसिंहाने त्याचाही वध केला. मरताना त्याने देवाला याच गुहेत राहण्याची विनंती केली आणि स्वतः पाणी होऊन तो देवाच्या पायांशी वाहू लागला.

श्रोतेहो, पाण्याच्या मुळाशी असा जीव कल्पिणारे आपण एकटेच नव्हे. आर्मेनियाच्या डोंगरांत झऱ्यांच्या आसपास माशाच्या आकाराचे प्रचंड कोरीव दगड आढळतात. त्यांतील काही सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे आहेत. लोक त्यांना 'विशाप', म्हणजे जलसर्प, यांचे दगड म्हणतात. विशापांचा संहारक देव वाहाग्न. त्याचे नाव इराणी 'वेरेथ्रघ्न' या नावापासून आले, आणि ते वेदांतील इंद्राच्या 'वृत्रहन्' या विशेषणाचे सगोत्र आहे.

मात्र वृत्र पाणी अडवून बसला होता; तो मेला तेव्हा नद्या मोकळ्या झाल्या. जलासुर मेला आणि स्वतःच पाणी झाला. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. त्यात मुरलेला पाऊस खालच्या कठीण काळ्या पाषाणावर अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतो. माथ्यावरची जमीन पाणी मुरण्यास मोकळी राहिली नाही, तर झरा आटेल. देवाने ज्याला पायांशी ठेवून घेतले, त्याला हाकलून देण्याचे पातक मग आपल्या माथी येईल.