पेशी नावाचा गोळा

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतल्या मोठ्या लेण्यात मधे खांबांचा मंडप आहे आणि भोवतीच्या भिंतींत कोरलेल्या एकेका माणसापुरत्या खोल्या. पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत या खोल्यांना 'सेल' म्हणतात. जीवशास्त्रातला सेल तो हाच. लॅटिनमधला 'सेला', म्हणजे लहानशी खोली, हा दोघांचा मूळपुरुष.

शाळेत ही गोष्ट हटकून सांगतात. रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्याला मठातल्या खोल्या आठवल्या आणि सेल हे नाव पडलं. गोष्ट झकास आहे, पण १६६५ साली निघालेल्या हूकच्या 'मायक्रोग्राफिया'त बुचाला उपमा दिली आहे ती मधाच्या पोळ्याची. पोळ्यातल्या घरांनाही इंग्रजीत सेलच म्हणतात. धाराशिवचा हा जिल्हा १९४८पर्यंत निजामाकडे होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. त्या उर्दूत सेलला 'खलिया' म्हणतात आणि अरबीत खलिया म्हणजे मधमाश्यांचं पोळं. हूकला तो शब्द नक्की पटला असता.

त्यानं बुचातल्या या घरांची मोजदादही केली: एका घन इंचात सव्वाशे कोटींच्या वर. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. राहणारा केव्हाच निघून गेलेला, उरल्या होत्या नुसत्या भिंती. ओसाड वाडा पाहून वस्तीला नाव द्यावं, तसं ते नाव पडलं.

आपल्या 'पेशी'चं घराणं वेगळं. तिच्यात खोली नाही, भिंत नाही. ती मुळात मांसाची. आईच्या पोटात गर्भ कसा आकार घेतो, याच्या जुन्या पायऱ्या आहेत: कलल, अर्बुद, पेशी, घन. आधी पातळसर चिकट बुळबुळीत, मग बुडबुड्यासारखं, मग मांसाचा मऊ गोळा, मग घट्ट. सुश्रुतसंहितेत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या एका आकाराला पेशी म्हटलं आहे, आणि पुढे शरीरातल्या पाचशे पेशी सांगितल्या आहेत. तिथे अर्थ मांसाचे पट्टे, म्हणजे आजचे स्नायू. गर्भाच्या या पायऱ्या पाली बौद्ध ग्रंथांत आहेत, तशाच जैनांच्या 'तंदुलवेयालिय' या प्राकृत ग्रंथातही आहेत. धाराशिवची लेणी मुळात बौद्धांची की जैनांची, हा वाद जुना आहे. तो कसाही मिटो, पेशी हा शब्द दोन्ही घरांत होता. त्या कोरीव सेलमध्ये बसून एखादा साधू देहाची नश्वरता घोकताना 'पेशी' म्हणाला असेल, ही कल्पना मला तरी सोडवत नाही.

पुढे भावंडांची वाटणी झाली. हिंदीनं पेशीला मांसाजवळच ठेवलं, तिथे ती मांसपेशी. सेलसाठी त्यांनी 'कोशिका' घेतली. कोश म्हणजे पुन्हा डबी, पुन्हा भिंतच. मराठीनं मांसाचं काम 'स्नायू'कडे दिलं आणि पेशी सेलकडे वळवली. कोर्टातल्या तारखेला उर्दूत पेशी म्हणतात, तिचा मात्र इथे काही संबंध नाही. ती फारसी 'पेश'ची लेक, पेशव्यांच्या भाऊबंदांपैकी.

मराठीची निवड मला बरोबर वाटते, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात चरतो आहे. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे १८३८मध्ये श्लायडेननं मांडलं. प्राण्यांचंही तसंच, हे पुढच्या वर्षी श्वाननं. दोघं एकदा एकत्र जेवत असताना पेशीकेंद्रकाचा विषय निघाला आणि श्वानला ते सुचलं. आपण इथल्या ताटाकडे बघू: ज्वारीची भाकरी आणि उस्मानाबादी शेळीचं मटण. ज्वारीच्या पेशीला भिंत असते. शेळीच्या पेशीला भिंतच नाही, नुसतं पातळ पटल. तिला खोली म्हणायचं तर बिनभिंतीची खोली म्हणावं लागेल. पेशी म्हटलं की दोन्ही बसतात.

बरं, ज्वारीची भिंत तरी कुठे बंद असते? तिला बारीक भोकं असतात आणि एका पेशीतला रस दुसरीत जातो. रब्बीची मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर उभी असते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर तिचा 'एम ३५-१' हा वाण निवडला गेला (मोहोळ म्हणजे पुन्हा पोळंच!). ओल हटली की मुळांकडून पानांकडे सांगावा जातो. ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं, पानावरच्या छिद्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी पाणी सोडून सैल पडतात आणि छिद्रं मिटतात. पानाच्या वरच्या अंगाला फुगीर पेशींच्या रांगा असतात. त्यांतलं पाणी ओसरलं की त्या बसतात आणि पान लांबीत वळून सुरळी होतं. दुपारी रानात उभं राहिलं तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. रात्री जरा पाणी चढलं की सकाळी पान पुन्हा उघडलेलं. ओसाड वाड्यात असलं काही घडत नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून हूकची गोष्ट सांगाल तेव्हा 'सेल म्हणजे खोली' जरूर सांगा. पण पोरांच्या तोंडी शब्द पेशी आहे. तिचा अर्थही त्यांना सांगा: जिवंत मांसाचा गोळा.