उद्दिष्ट ऐंशी टक्के

2021 च्या एप्रिलमध्ये राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, महाराष्ट्राकडे तीन दिवस पुरेल एवढीच कोरोनाची लस उरली आहे. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी लगेच कडक शब्दांत सुनावलं, की टंचाई नाहीच, राज्याचाच कारभार ढिसाळ आहे. त्यानंतर काही महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आज किती लाख टोचले, काल किती टोचले होते, या वेगाने सगळा देश कधी होणार. सप्टेंबरात पंतप्रधानांच्या वाढदिवशी एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले, तेव्हा काहींनी पेढे वाटले आणि काहींनी विचारलं, मग इतर दिवशी काय अडचण होती? नातू मला म्हणाला, "आजोबा, तुमची सगळी नोकरी टोचण्यात गेली, तुम्ही सांगा, कोण बरोबर?"

मला हा वाद जुन्या ओळखीचा वाटला. देवीच्या रोगावरून तो या देशात तेरा वर्षं चालला होता, 1962 पासून 1975 पर्यंत. त्यातली बरीच वर्षं मी त्या गाड्याच्या चाकाखालीच होतो म्हणा ना.

राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. तीन वर्षांत ऐंशी टक्के लोकसंख्येला टोचायचं, म्हणजे रोग आपोआप आटेल, असा हिशोब होता. दिल्लीहून तो राज्याकडे आला, राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे आणि शेवटी माझ्यासारख्याच्या वहीत. मी 1964 साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात लस टोचक म्हणून लागलो. गावात आम्हाला देवीचे डॉक्टर म्हणायचे. होतो मॅट्रिक पास.

हत्यार म्हणजे रोटरी लान्सेट. छोट्या दांडीला पोलादी चकती, चकतीला दात. दंडावर लसीचा थेंब टाकायचा, त्यावर चकती टेकवून बोटांनी गर्रकन फिरवायची. पोर किंचाळायचंच. स्पिरिटच्या दिव्यावर चकती भाजून घेतली, की ती पुरती निवेपर्यंत थांबायला हवं, नाहीतर लसच मरते. पण रांग मोठी असली की किती जण थांबत असतील, हे न विचारलेलं बरं. सुरुवातीला लस ओली होती, बर्फावर ठेवावी लागायची. एस. टी. चुकली आणि वैशाखात थर्मासमधला बर्फ वितळला, तर पुढे टोचायचं ते नुसतं पाणीच. वहीत मात्र तेही 'टोचले' म्हणूनच लागायचं.

आता वहीतला आकडा कुठून भरून निघतो, ते सांगतो. सर्वांत सोपी जागा म्हणजे शाळा. मास्तर हजेरीपट समोर ठेवणार, पोरं बाह्या वर करून उभी, दोन तासांत दीडशे दंड. पुढच्या वर्षी पुन्हा तीच शाळा आणि तेच दंड. ज्यांना आधी दोनदा टोचलं होतं, त्यांना तिसऱ्यांदा. अवघड कोण? तर वाड्यावस्त्यांवरची तान्ही मुलं, ऊसतोड्यांच्या पालांतली, वीटभट्टीवरची, आणि आई रानात गेलेली असताना आजीच्या मांडीवर असलेलं लेकरू. आजी म्हणणार, "पोराची माय येऊ दे सांजंला." आम्ही सांजेला दुसऱ्या गावात. उद्दिष्टाच्या तक्त्यात दंड म्हणजे दंड, तो शाळेतला की पालातला, असा रकानाच नव्हता. देशभर हेच. पहिल्यांदा टोचून घेणाऱ्यांपेक्षा पुन्हा टोचून घेणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी होती. आणि कोट्यवधींना टोचल्याचे अहवाल पोचल्यावर, 1967 मध्ये, देशात देवीचे 84 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

इथे वाद पेटला. एक बाजू म्हणे, ऐंशी टक्के कमी पडले, शंभर टक्के करा. माणसं वाढवा, सक्ती करा. कागदावर हे बिनतोड दिसतं. दुसऱ्या बाजूला मद्रासचे ए. रामचंद्र राव यांच्यासारखे लोक होते. त्यांचं म्हणणं, किती टोचले ते राहू द्या, रोगी कुठे आहे ते सांगा. एक रोगी सापडला की त्याचं घर, शेजार, त्याच्याकडे आलेगेलेले पाहुणे एवढ्यांना ताबडतोब टोचायचं आणि साखळी तिथेच तोडायची. मद्रास राज्याने 1968 पर्यंत देवी हटवून हे दाखवूनही दिलं होतं. त्याच सुमाराला पूर्व नायजेरियात विल्यम फोगी या अमेरिकन डॉक्टरला लस अपुरी पडली, म्हणून नाइलाजाने त्याने हाच मार्ग धरला, आणि तो लागू पडला. मद्रासचा धडा दिल्लीला पटायला मात्र आणखी पाच वर्षं गेली. मला वाटतं, यात हट्टापेक्षा हिशोबाची सवय जास्त होती. टोचलेल्यांची बेरीज वरपर्यंत पोचवता येते. न झालेल्या रोगाची कशी पोचवणार?

1973 च्या शरदात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये घरोघर शोध सुरू झाला. आठवडाभर सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी दुसरं काम बाजूला ठेवायचं आणि गावोगाव रोग्याचा फोटो छापलेलं कार्ड दाखवत विचारत जायचं. पहिल्याच फेरीत दहा हजारांच्या आसपास रुग्ण हाती लागले. आजवर ते होतेच, फक्त कळवलेले नव्हते. ज्या तालुक्यात साथ निघायची तिथल्या अधिकाऱ्याला बोलणी बसायची, मग कोण कळवतो?

1974 उजाडलं आणि आकडा भडकला. त्या वर्षी देशात 1,88,003 रुग्ण आणि 31,262 मृत्यू नोंदले गेले, त्यातले बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालच्या पट्ट्यात. तिकडे जयप्रकाशांचं आंदोलन, मे महिन्यात रेल्वेचा संप आणि त्याच महिन्यात पोखरणचा अणुस्फोट. अणुबॉम्ब करणाऱ्या देशात देवीने माणसं मरताहेत, असं परदेशी वृत्तपत्रांनी लिहिलं. हे सगळ्यांना झोंबलं. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांनी पाटण्याच्या बैठकीत सांगितलं, शोध पुरे, आता सरसकट सगळ्यांना टोचा. फोगी तेव्हा भारतात होता. त्याने पुढे लिहून ठेवलं आहे, की एक तरुण भारतीय डॉक्टर उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या गावात एखाद्या घराला आग लागली तर लोक त्याच घरावर पाणी ओततात, गावातली बाकीची घरं भिजवत बसत नाहीत. मंत्र्यांनी एक महिन्याची मुदत दिली. त्या महिन्यात उतार लागला.

आता मंत्र्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही. दारात मृत्यू होत असताना लोकांना दिसेल असं काहीतरी करावं लागतं, आणि रांगा दिसतात. चार पहारेकरी एका झोपडीसमोर पाळीपाळीने बसले आहेत, कोणाला टोचल्याशिवाय आत-बाहेर सोडत नाहीत, याचा फोटो कोण छापणार?

महाराष्ट्रात तोवर मूळचा रोग राहिला नव्हता. धोका होता तो उत्तरेकडून येणाऱ्याचा. आमच्या हातात आता दुतोंडी सुई होती आणि रशियाने दिलेली, पुढे बेळगावसारख्या ठिकाणी बनू लागलेली सुकी लस, जी उन्हात टिकायची. या सुईला जुन्या पद्धतीच्या चौथाईएवढी लस पुरायची. नव्या माणसाला पंधरा टोचे, रक्ताचा ठिपका दिसला की झालं. तेव्हा कळलं, की निम्मं भांडण सुईने आणि बाटलीनेच मिटवलं होतं.

काम बदललं. बाजाराच्या दिवशी कार्ड घेऊन उभं राहायचं, शाळेतल्या पोरांना विचारायचं, कारण गावातल्या आजाऱ्याची खबर पोरांइतकी कोणालाच नसते. बक्षीसही लागलं. आधी पन्नास, मग शंभर, आणि 1975 मध्ये तर खरा रुग्ण दाखवणाऱ्याला 1000 रुपये. माझ्या पगारापेक्षा जास्त! मग काय, अंगावर पुरळ आलेला जो तो देवीचा. साखर कारखान्याच्या चाळीत मला रात्री उठवून नेलं. कंदिलाच्या उजेडात पोराचे तळहात उलटे केले, तळपाय पाहिले. स्वच्छ. फोड सगळे पाठीपोटावर, काही कोवळे, काही खपली धरलेले. देवीचे फोड हातापायांवर आणि तोंडावर दाट येतात, तळव्यांवरसुद्धा, आणि सगळे एका वयाचे असतात. कांजिण्या होत्या. पोराचा बाप हिरमुसला, आणि लगेच स्वतःच्या हिरमुसण्याची त्याला लाजही वाटली असावी, कारण त्याने मला गुळाचा चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

देशातला शेवटचा रुग्ण 24 मे 1975 ला आसामात करीमगंजच्या स्टेशनवर सापडला, बांगलादेशातून आलेली एक बाई. 1977 च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. म्हणजे बिहारमधल्या त्या भयंकर मे महिन्यापासून बरोबर एका वर्षात जे झालं, ते आधीच्या बारा वर्षांच्या कोट्यवधी टोच्यांनी झालं नव्हतं. टोचणं वाया गेलं असं मी म्हणत नाही, त्या पायावरच हे उभं राहिलं. नातवाला मी एवढंच म्हणालो, की टोपे आणि हर्षवर्धन दोघेही बाटल्यांबद्दल भांडत होते, आणि आमच्या वस्तीवरचे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता ते म्हातारे त्या भांडणात कुठेच नव्हते. त्यांना लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर नंबर लावून द्यायला गावातली पोरंच धावली.

आम्हा लस टोचकांचं पुढे काय झालं? कर्तारसिंग समितीने 1973 मध्ये सुचवलं होतं, की मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा असे कर्मचारी ठेवू नका. त्यानुसार आम्ही बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी झालो. लगेच आणीबाणीतलं 1976 साल आलं, नसबंदीची उद्दिष्टं आली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो अडला. त्या एका आर्थिक वर्षात देशात 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. तालुक्याला तक्ता नवा आला, रकाने जुनेच होते, आणि आकडा कमी पडला की साहेब विचारायचे तेही जुनंच: "शाळा, बाजार, सगळं करून झालं का?"